रायडिंग बीन (१९८९): हाताने काढलेल्या गाडीला वजन कुठून येतं?

पाटा_स्प्रिंग

मंडळी, गेल्या आठवड्यात 'रायडिंग बीन' तिसऱ्यांदा बघितली आणि या वेळी डोक्यात एक प्रश्न घेऊनच उठलो. इथे ॲनिमेवाले आहेत, गाड्यांवाले आहेत, म्हणून विचारतो.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही मालिका नाही. १९८९ साली थेट व्हिडिओ कॅसेटवर आलेली पाऊण तासाच्या आसपासची जपानी फिल्म आहे. गोष्ट घडते शिकागोत. बीन बँडिट हा भाड्याने मिळणारा ड्रायव्हर. पैसे मोजा, तो तुम्हाला पोलिसांच्या कड्यातून बाहेर काढून देतो. मागे किती गाड्या लागल्यात हे तो विचारत नाही. आडदांड अंग, मोठी हनुवटी, चेहऱ्यावर व्रण, डोक्याला पट्टी, आणि त्या पट्टीच्या आत गोळी अडवणारा पत्रा. जोडीला रॅली व्हिन्सेंट, बंदुकीत तरबेज. सेमरलिंग नावाची बाई दरोडा घालून पळण्यासाठी बीनला वापरते आणि त्याच वेळी ग्रिमवुड या धनाढ्य माणसाच्या मुलीच्या, चेल्सीच्या, अपहरणाचा आळ त्याच्यावर येईल अशी मांडणी करते. मागे इन्स्पेक्टर पर्सी. तो बीनला पकडायला इतका पेटलेला असतो की शहराचं काय होईल याची त्याला फिकीर उरत नाही. बाकी सगळी मारामारी, हसणं आणि पाठलाग.

आता प्रश्न. त्यातली गाडी, तिचं नाव 'रोडबस्टर', कोपऱ्यावर वळते तेव्हा माझा उजवा पाय आपोआप जमिनीत रुततो. ब्रेक लागला की मी खुर्चीत पुढे होतो. आणि ही नुसती रेघा आणि रंग आहेत! हल्लीच्या मालिकांत संगणकावर केलेल्या गाड्या असतात, हेडलाइटच्या काचेच्या खाचासुद्धा दिसतात, तरी ती गाडी फरशीवर साबणाची वडी सरकावी तशी जाते. तिचं वजन जाणवत नाही.

माझं मत असं, की काढणाऱ्या माणसाला गाडी आवडत होती, म्हणून. पण हे काही पुरेसं उत्तर नाही हे मलाही कळतं. तुमचं काय म्हणणं?

---

कुरमुरे

शीर्षक वाचून मला वाटलं घेवड्याची शेंग घोड्यावर बसलीये. बघतो आज रात्री.

---

रेघोट्या

चौदा वर्षं ॲनिमेशनमध्ये आहे, त्यातली पहिली पाच कागदावर. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेकंदाला २४ फ्रेम असतात. पण जपानी पद्धतीत एकेक चित्र दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. गाडी पडद्यावर आडवी जात असेल तर काम सोपं. गाडी एकदाच काढायची, चाकं वेगळ्या सेलवर, म्हणजे पारदर्शक कागदावर, फिरवायची आणि मागचं रंगवलेलं चित्र सरकवायचं. टीव्हीवरच्या बहुतेक मालिकांत तुम्ही हेच बघितलंय, कारण वेळ आणि पैसा तेवढाच असतो.

गाडी कॅमेऱ्याच्या बाजूने वळली की खरी परीक्षा. प्रत्येक चित्रात बॉनेट, काच, दरवाजा, चाकाची कमान, सगळं नव्या कोनातून. माणसाचा चेहरा थोडा चुकला तर प्रेक्षक चालवून घेतो. गाडीची रेघ अर्धा मिलीमीटर हलली की ती मेणाची वाटते. त्यात कॅमेराही गाडीबरोबर गल्लीत शिरत असेल तर मागचं रंगवलेलं चित्र उपयोगाचं नाही. रस्ता, खांब, इमारती, सगळं चित्रागणिक सेलवर काढायचं. जपानीत त्याला 'हाइकेइ दोगा' म्हणतात. बघताना सेकंदभर टिकतं, त्यामागे एका माणसाचा आठवडा गेलेला असू शकतो.

आता वजन. संगणकातलं मॉडेल मापाला चोख असतं. ते स्वतःहून वाकत नाही, दबत नाही. हाताने काढणारा मात्र प्रत्येक चित्रात थोडं खोटं बोलतो. वळणाच्या बाहेरचं पुढचं चाक किंचित मोठं काढतो, मागची बाजू ताणतो, छप्पर एका अंगाला झुकवतो. एकेक चित्र थांबवून बघितलंत तर गाडी चुकीची वाटेल. चालू केलीत की खरी वाटते.

आणि ही फिल्म ज्याच्या डोक्यातून आली तो केनिची सोनोदा गाड्या आणि बंदुकांमध्ये आकंठ बुडालेला माणूस. सेमरलिंग हे खलनायिकेचं नावच मुळी एका चिमुकल्या अमेरिकन पिस्तुलाचं आहे. तेव्हा पाटाभाऊ, तुमचं 'आवडत होती म्हणून' हे उत्तर अगदीच चूक नाही.

---

सायली०४

मला हे पटत नाही, रेघोट्या दादा. दर वेळी जुनं ते सोनंच का?

तुम्ही १९८९ मधली सगळ्यात मेहनतीने केलेली फिल्म घेता आणि आजच्या घाईत केलेल्या मालिकेशी तिची तुलना करता. १९८९ मध्ये टीव्हीवर लागणाऱ्या साध्या मालिकेतल्या गाड्या बघा ना, खोक्याला चार बिस्किटं लावलेली! 'इनिशियल डी' १९९८ ला आली तेव्हा तिच्या संगणकावरच्या गाड्या खेळण्यातल्या दिसायच्या हे मान्य. पण ड्रिफ्टमध्ये मागचं अंग कधी सुटतं आणि परत कधी पकड घेतं, हे मला त्या ओबडधोबड गाड्यांनी शिकवलं. मी ती मालिका बघूनच गाडी शिकायला गेले.

---

रेघोट्या

सायली, मुद्दा रास्त आहे. दोष संगणकाचा नाही. सस्पेन्शन, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा वगैरे, वेगळं हलवायला कोणीतरी बसलं तर संगणकावरची गाडीही दबते. ते करायला दिवस देत नाहीत, एवढंच.

आणि हो, १९८९ चा पैसा हा भाग आहेच. थेट व्हिडिओवर येणाऱ्या फिल्मा १९८३ च्या अखेरीला सुरू झाल्या. टीव्ही वाहिनी नाही, जाहिरातदार नाही, खेळणी विकायची सक्ती नाही. जपानमध्ये तेव्हा पैसा वाहत होता आणि शौकीन लोक एकेका कॅसेटला दहा हजार येनच्या आसपास मोजायचे. ज्यांना फक्त गाड्यांचा पाठलाग हवा होता, त्यांच्यासाठी फक्त गाड्यांचा पाठलाग करणं परवडायचं. आर्टमिक आणि एआयसी या दोन कंपन्यांनी त्या काळात अशी बरीच कामं केली. 'बबलगम क्रायसिस' त्यांचीच, आणि त्यातली पात्रंही सोनोदाचीच.

---

घाटवळण

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. माळशेज घाट त्यांच्या पायाखालचा. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या शेजारी, इंजिनच्या झाकणावर गोधडी टाकून बसायचो. खालून ऊब यायची आणि झोप लागायची.

त्यांनी मला गाडी शिकवली ती जेवणाच्या डब्यावरून. स्टीलचा तीन पुड्यांचा डबा, खालच्या पुड्यात आमटी. म्हणायचे, "रस्ता मला दिसतोय, तू आमटीकडे ध्यान दे." ब्रेक दाबला की आमटी पुढे चढते. डावीकडे वळलो की उजव्या काठाला येते. गाडी थांबल्यावरसुद्धा ती लगेच थांबत नाही, एकदा मागे जाऊन मग गप्प होते. चांगल्या ड्रायव्हरची आमटी काठापर्यंत येते, सांडत नाही. घरी गेल्यावर आई डब्याचं झाकण उघडायची आणि कडेला लागलेलं पिवळं बघून सांगायची, आज घाटात कोणीतरी आडवं आलेलं दिसतंय.

हा धागा वाचून काल मी ही फिल्म बघितली. जपानी मला येत नाही, सबटायटल वाचायच्या भानगडीत पडलो नाही. पण त्या गाडीतली आमटी मला दिसत होती. पाटा_स्प्रिंग, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

---

रेघोट्या

घाटवळण, मी हे उद्या नव्या मुलांना सांगणार आहे. चौदा वर्षांत इतकं नेमकं मला सांगता आलेलं नाही.

---

चौथागिअर

आमटीला +१. मी चाकणला गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करतो. आम्ही ज्याला भाराचं स्थलांतर म्हणतो ते हेच. ब्रेक मारला की गाडीचं वजन वाढत नाही, पण मागच्या चाकांवरचा काही भार पुढच्या चाकांवर येतो. पुढच्या स्प्रिंगा दबतात, नाक खाली जातं. वळताना बाहेरची बाजू दबते. स्प्रिंग दबायला आणि सुटायला वेळ लागतो, आणि डोळा नेमका तो वेळ मोजतो. घाटवळण यांनी लिहिलेलं 'एकदा मागे जाऊन मग गप्प' हे शॉक ॲब्सॉर्बरचं काम.

आता रोडबस्टरची खुबी. तिची चारही चाकं नव्वद अंशात वळतात आणि गाडी खेकड्यासारखी आडवी चालते. बघताना हसू येतं, पण काळ लक्षात घ्या. जपानमध्ये तेव्हा चार चाकांच्या स्टिअरिंगचं वेड होतं. निसानने १९८५ ला स्कायलाइनमध्ये मागची चाकं वळवायची यंत्रणा आणली, होंडाने १९८७ ला प्रिल्यूडमध्ये. प्रिल्यूडची गंमत अशी, की स्टिअरिंग थोडं फिरवलं तर मागची चाकं पुढच्यांच्याच दिशेने वळायची, जास्त फिरवलं तर उलट दिशेने. वेगात लेन बदलताना स्थैर्य आणि पार्किंगमध्ये लहान वळण, दोन्ही एकाच दांड्यातून. पण वळायची किती, तर मोजके अंश. सोनोदाने ते ताणून नव्वद केलं.

खऱ्या गाडीत तेव्हा ते का शक्य नव्हतं? चाकाला ताकद द्यायला इंजिनकडून दांडा येतो, वळवायला दुसरा दांडा, धरायला सस्पेन्शनचे हात. चाक नव्वद अंशात फिरलं की हे सगळं एकमेकांत अडकतं. मोटर चाकाच्या आतच बसवली की दांड्यांची कटकट संपते. ह्युंदाई मोबिसने २०२३ च्या जानेवारीत लास वेगासच्या प्रदर्शनात आयोनिक ५ ही विजेवरची गाडी अशीच आडवी चालवून दाखवली. म्हणजे बीन पुढे होता, ३४ वर्षं.

---

कुरमुरे

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ही गाडी लागेल. खांबाच्या आणि सेक्रेटरींच्या गाडीच्या मध्ये.

---

वकीलीणबाई

धागा गाड्यांवर रमलाय, मी जरा आडवी जाते. रोडबस्टरसारखी.

पहिल्या पोस्टमध्ये 'दरोडा' लिहिलंय. आपल्या कायद्यात पाच किंवा अधिक माणसं असली तरच दरोडा. पूर्वी भारतीय दंड संहितेचं ३९१ कलम, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१०. त्याहून कमी असतील तर ती जबरी चोरी. बाहेर गाडी सुरू ठेवून बसलेला ड्रायव्हर मोजणीत धरला जातो. त्याला बेत माहीत होता आणि तो त्यात सामील होता हे सिद्ध झालं, तर तो पाचवा माणूस ठरू शकतो आणि गुन्ह्याचं नावच बदलतं.

बीन सांगतो ते "मी फक्त गाडी चालवतो" हे आमच्याकडे रोज ऐकू येतं. समान उद्देशाचं जुनं कलम ३४, आता ३(५). गोळी कोणी झाडली याला मग महत्त्व उरत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत तर जबरी चोरीच्या ओघात कोणी मेलं तर बाहेर बसलेल्या ड्रायव्हरवरही खुनाचा खटला चालू शकतो.

माझ्याकडे एकदा असाच एक मुलगा आला होता, विशीतला. मित्रांनी "गाडी घेऊन ये, काम आहे" म्हणून बोलावलं होतं. त्याला खरोखर काही माहीत नव्हतं हे सिद्ध करायला दोन वर्षं गेली, आणि तोवर त्याची पोलीस भरतीची वयोमर्यादा निघून गेली. त्यामुळे ही फिल्म बघताना मला बाकी सगळं आवडलं, पण बीन पैसे मोजायला लागला की मी गंभीर होते.

---

पाटा_स्प्रिंग

ताई, दरोडा मागे घेतो, जबरी चोरी. त्या मुलाचं वाचून वाईट वाटलं.

बीनबद्दल एक मात्र सांगतो. तो सज्जन नाही, आणि फिल्मसुद्धा त्याला सज्जन करत नाही. तो दिलेला शब्द आणि घेतलेले पैसे एवढंच मानतो. पण चेल्सी त्याच्या गाडीत आल्यावर ती घरी पोचली पाहिजे, हे तो ज्या हट्टाने धरून ठेवतो ते मला भावतं. तिथे पैशाचा हिशोब मागे पडलेला असतो.

---

दुपारचाचहा

मीही बघितली आणि मला एक गोष्ट बोलायचीच आहे. पाठलाग उत्तम, रॅली उत्तम. पण सेमरलिंग आणि तिच्याबरोबरची ती लहान मुलगी कॅरी, त्यांच्यातली दृश्यं बघून माझ्या पोटात कालवलं. दुष्ट बाई लहान मुलीला वापरते हे दाखवणं एक, आणि कॅमेऱ्याने ते चवीने बघणं वेगळं. इथे दुसरं झालंय. इतक्या कौतुकाच्या पोस्टी वाचून कोणी आपल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना घेऊन बसेल, म्हणून लिहिते. बसू नका.

---

सायली०४

दुपारचाचहा, अनुमोदन. मला तो भाग पुढे ढकलावासा वाटला. कलाकुसर आवडली म्हणून हे झाकून ठेवायचं कारण नाही.

---

पाटा_स्प्रिंग

पहिल्या पोस्टमध्येच लिहायला हवं होतं, माझं चुकलं. ही फिल्म मोठ्यांसाठीच आहे. रक्त आहे, नग्नता आहे आणि तुम्ही म्हणता तो भाग आहे. त्या भागाचं समर्थन मीही करत नाही.

---

शिकागोची_थंडी

इकडे शिकागोजवळ नेपरविलला बावीस वर्षं झाली, शिकागोत कामाला रोज. धागा बघून राहवलं नाही.

मी ही फिल्म १९९४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात शिकत असताना बघितली. अमेरिकेत ती आणणारी ॲनिमइगो ही कंपनी त्याच राज्यातली, विल्मिंग्टनची. कॅसेट भाड्याने देणाऱ्या दुकानात एका कोपऱ्यात जपानी कार्टूनची एकच फळी होती आणि मित्राने नुसतं चित्र बघून ही उचलली. आम्ही चौघं, एक टीव्ही, भात आणि लोणचं. शिकागो तोवर कोणीच बघितलं नव्हतं.

नंतर इथे आलो आणि लोअर वॅकर ड्राइव्हवरून पहिल्यांदा गाडी घातली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नदीकाठचा हा रस्ता मजल्यांचा आहे. वर शहर, खाली दुसरा रस्ता, दोन्ही बाजूंना खांबांची रांग. १९२६ पासूनचा. खाली शिरलात की जीपीएस गोंधळतं, नकाशावर तुमची गाडी नदीत पोहायला लागते. खांबांमधून दिवे एकामागून एक काचेवरून सरकतात आणि इंजिनचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. त्या दिवशी मी एकटाच होतो, काच खाली केली आणि दुसऱ्या गिअरमध्ये उगाचच ॲक्सिलरेटर दाबला. पळून जाणाऱ्या ड्रायव्हरची गोष्ट कुणी शिकागोतच का घातली असेल, हे मला तेव्हा कळलं. वेग ३० मैलांच्या आतच होता, वकीलताई.

---

वकीलीणबाई

नोंद घेतली. जामीन मंजूर.

---

ओसाकाकर

मी ओसाकात नोकरीला. सोनोदा मूळचा ओसाकाकडचा, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

इथे शहराच्या मध्यावर हानशिन एक्स्प्रेसवेचा गोल रस्ता आहे, साधारण दहा किलोमीटरचा, एकाच दिशेने वाहणारा. ऐंशीच्या दशकात रात्री तिथे 'कान्जोझोकु' नावाने ओळखली जाणारी पोरं होंडाच्या सिव्हिक गाड्या पळवायची. गाडी हलकी करायला आतल्या खुर्च्या काढलेल्या, खिडकीला जाळी, चेहऱ्यावर मुखवटा, मागे पोलीस. गोल रस्ता असल्याने पळून कुठे जायचं नसतं, फक्त पुढे राहायचं. सोनोदाने ते बघितलं का, हा माझा दावा नाही. पण त्या काळात या शहरात वाढणाऱ्याला रात्री इंजिनांचे आवाज येत असणार. मी राहतो तिथे अजूनही क्वचित येतात.

आणि रॅलीबद्दल कोणी बोललंच नाही! फिल्मच्या आधी 'कॉमिक नॉइझी' मासिकात बीनची चित्रकथा सुरू झाली होती. मासिकच बंद पडलं आणि ती अर्धवट राहिली. पुढे १९९१ मध्ये सोनोदाने कोदानशा प्रकाशनाच्या 'आफ्टरनून' मासिकात 'गनस्मिथ कॅट्स' सुरू केली तेव्हा रॅलीला नायिका केलं. फिल्ममधली सोनेरी केसांची जोडीदार तिथे काळ्या केसांची, सावळी, स्वतःचं बंदुकांचं दुकान चालवणारी झाली. हातात सीझेड ७५ पिस्तूल, दारात शेल्बी जीटी ५००, फोर्ड मस्टँगवर बेतलेली गाडी. बीनही त्यात येतो, पण पाहुणा म्हणून. मला तर वाटतं बीनने पळवलेल्या माणसांत सगळ्यात लांब रॅलीच पोचली.

---

चौथागिअर

शेल्बीचं नाव निघालं म्हणून. फिल्ममध्ये ती पर्सीकडे आहे. १९६७ च्या जीटी ५०० मध्ये ४२८ घनइंचाचं व्ही-८ इंजिन होतं, आणि फोर्ड त्या इंजिनाला 'पोलीस इंटरसेप्टर' म्हणायची. त्याच इंजिनाच्या गाडीत पर्सीला बसवलंय. सोनोदाला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

आणि बघा, दोन्ही गाड्या वेगळ्या दबतात. शेल्बीचं सगळं वजन नाकात, ती ब्रेकला डोकं खाली घालते. रोडबस्टर रुंद आणि बसकी, ती जवळजवळ सपाट राहते. दोन गाड्या, दोन प्रकारची आमटी.

---

आजोबा_६८

आमच्या पिढीला ॲनिमे ठाऊक नाही, नातीने दुवा पाठवला म्हणून वाचतोय. पण पळणाऱ्या गाड्यांचा विषय निघालाय आणि पाटा_स्प्रिंग असं नाव घेतलेला माणूस प्रश्न विचारतोय, तर एक गोष्ट सांगतो.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगरात चोरून दारू गाळायचे आणि रात्री शहरात पोचवायचे. त्यासाठी लागायचे पट्टीचे ड्रायव्हर. त्यांची आवडती गाडी १९४० ची फोर्ड, व्ही-८ इंजिनाची. अडचण अशी, की मागे दारूचे डबे भरले की गाडी मागून बसायची आणि पोलीस लांबूनच ओळखायचे. म्हणून ते मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, जाड बसवायचे. भरलेली गाडी रिकाम्यासारखी सरळ दिसायची. पण रिकामी परत येताना तिची मागची बाजू वर उचललेली असायची, आणि चाणाक्ष पोलीस त्यावरूनही ओळखायचे!

त्यांच्यातला ज्युनिअर जॉन्सन १९५६ मध्ये वडिलांच्या भट्टीवर पकडला गेला, तुरुंगात गेला, बाहेर येऊन १९६० ची डेटोना ५०० ही मोटारींची शर्यत जिंकला. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. तो दारूच्या गाडीवरून रस्त्यात कधीच पकडला गेला नाही, घरी भट्टी पेटवताना सापडला.

मी स्वतः तीस वर्षं ट्रकच्या पाट्यांचं काम केलं, सांगली रोडला. गाडी अंगणात आली की न उतरता सांगायचो, किती टन आणि कुठल्या बाजूला जास्त.

---

घाटवळण

आजोबा, नमस्कार. माझे वडील असते तर तुमच्याशी त्यांचं रात्रभर जमलं असतं.

---

पाटा_स्प्रिंग

आजोबा, माझ्या वडिलांचंही पाट्यांचंच दुकान, म्हणून हे नाव. नाशिकला, द्वारकेजवळ. मीही लहानपणी ट्रक बघून वजन ओळखायचा खेळ खेळायचो. इतक्या वर्षांत हा संबंध माझ्या लक्षात आला नव्हता. गाडीत किती भार आहे हे बघायची सवय आधीची, फिल्म नंतरची.

---

कुरमुरे

धागा सुरू झाल्यापासून मी फक्त विनोद करतोय, आज जरा लिहितो.

मुलगा सहावीत आहे. दुपारचाचहा यांची सूचना पाळून फिल्म त्याला दाखवली नाही. पण आमटीची पोस्ट वाचून दाखवली. तो म्हणाला, बाबा, आपण काढून बघू. गणिताच्या जुन्या वहीचा उजवीकडचा खालचा कोपरा घेतला. चोवीस पानं, प्रत्येकावर एक गाडी. साधीच, खोकं आणि दोन चाकं. बारा पानं पुढे जाते, मग थांबते. अंगठ्याने सोडून बघितलं तर गाडी येते आणि चिकटते. थांबली असं वाटेचना. जणू कोणी फोटो काढलाय.

रेघोट्यांनी लिहिलेलं 'थोडं खोटं' आठवलं. पुन्हा सगळी पानं काढली. तेराव्या पानावर पुढचा भाग किंचित खाली. चौदाव्यावर अजून खाली, मागचं चाक आणि खोकं यांच्यामध्ये फट. पंधराव्यावर तसंच. सोळाव्यावर नाक सरळ रेघेच्याही थोडं वर. सतराव्यापासून सपाट. खोडरबरने पान फाटलं एक, ते चिकटपट्टीने जोडलं.

रात्री साडेअकराला त्याने वही सोडली आणि ओरडला, "थांबली! बाबा, थांबली!" आई आतून विचारत होती काय थांबलं, पाणी का?

आता तो वळण काढतोय. मला विचारलं, वळताना कुठली बाजू दाबू? मला सांगता येईना. म्हणून स्वयंपाकघरात जाऊन आम्ही वाटीत आमटी घेतली.

---

रेघोट्या

बाहेरची बाजू दाबायला सांगा. आणि त्या वहीचे फोटो टाका, चोवीसच्या चोवीस पानांचे. फाटलेलं पान धरून.